स्वतः पकडलेले मासे आणि शिंपले खाण्याआधी: कुठलं विष कुठे बसतं आणि ते कशानं जातं

गळाला मासा लागला किंवा ओहोटीला टोपलीभर तिसऱ्या मिळाल्या, की नवख्या माणसाचं लक्ष थेट चुलीकडे जातं. विकतच्या मासळीमागे निदान कुणाची तरी तपासणी गृहीत धरता येते. स्वतः पकडलेल्या मासळीचे तपासनीस मात्र तुम्हीच.

मी याची माहिती गोळा करायला लागलो तेव्हा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो एका साध्या प्रश्नानं: ‘हा मासा खायला चांगला आहे का?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तरच नाही. पाऱ्याच्या बाबतीत निर्धोक असलेला शिंपला कावीळ देऊ शकतो. जिथं सांडपाण्याचा थेंब येत नाही अशा तळ्यातल्या माशात पारा असू शकतो. मीठ-हळद लावून, खळखळून उकळून एक विष मरतं आणि दुसरं जसंच्या तसं राहतं. म्हणून प्रश्न बदला. कुठलं विष, ते माशाच्या कुठल्या भागात आणि ते कशानं कमी होतं, हे तीन प्रश्न विचारलेत की निम्मा गोंधळ मिटतो. खालच्या पायऱ्या त्याच क्रमानं आहेत.

हाताशी काय हवं

कागदपत्रांत: जिथं लागतो तिथं मासेमारीचा किंवा शिंपले गोळा करण्याचा परवाना, त्या पाण्यासाठी मासे किती खावेत याबद्दलचं सरकारी सूचनापत्र, आणि शिंपल्यांचं क्षेत्र आज खुलं आहे की बंद याची ताजी सूचना.

सामानात: मोजपट्टी, छोटा वजनकाटा, पातळ पात्याची सुरी, भरपूर बर्फ मावेल अशी पेटी, आत खुपसून तापमान बघता येईल असा थर्मामीटर, जाड प्लास्टिकच्या पिशव्या, न पुसणारं मार्कर पेन आणि एक वही. वहीत तारीख, जागा, भरतीची वेळ, माशाची जात आणि लांबी एवढंच लिहायचं. सुरुवातीला हे उगाच वाटतं. पण नमुना तपासायची किंवा डॉक्टरला सांगायची वेळ आली की या वहीशिवाय काही हाती राहत नाही.

१. पाण्याची पूर्वपीठिका काढा

नकाशा उघडा आणि मासेमारीच्या जागेपासून वरच्या अंगाला जा. नदी असेल तर उगमाकडे, खाडी असेल तर तिला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याकडे. कारखाने, खाणी, सांडपाण्याची तोंडं, कचराडेपो, जहाजं रंगवण्याच्या आणि तोडण्याच्या जागा, विमानतळ, अग्निशमनाच्या सरावाची मैदानं यांची नोंद करा. विमानतळ का? पेट्रोलची आग विझवायच्या फेसात वर्षानुवर्षं पीफास गटाची, म्हणजे न चिकटणाऱ्या भांड्यांच्या लेपासाठीही वापरली गेलेली, रसायनं वापरली गेली. ती जमिनीत मुरून पाण्यात उतरतात आणि विघटनाचं नाव घेत नाहीत.

आज काय आहे एवढ्यावर थांबू नका, पूर्वी काय होतं तेही शोधा. अमेरिकेतल्या हडसन नदीत जनरल इलेक्ट्रिकच्या दोन कारखान्यांनी १९४७ ते १९७७ या काळात पीसीबी नावाचं तेलकट रसायन सोडलं. सोडणं थांबून अनेक दशकं झाली, तरी तिथले मासे खाण्यावर निर्बंध राहिले, कारण पीसीबी गाळात बसतं आणि गाळातले किडे-अळ्या ते पुन्हा माशापर्यंत पोचवतात. बंद पडलेल्या गिरणीची चिमणी दिसली म्हणून सुटकेचा निःश्वास टाकू नका.

इथला ठरलेला सापळा म्हणजे ‘पाणी काचेसारखं आहे, आजूबाजूला जंगल आहे, मग काय होणार?’ कोळसा जाळल्यावर पारा धुरातून हवेत जातो, शेकडो किलोमीटर वाहतो आणि पावसाबरोबर कुठंही उतरतो. तळाच्या प्राणवायू नसलेल्या चिखलात काही जिवाणू त्याचा मिथिल पारा करतात, आणि माशाच्या अंगात मुरतो तो हाच. पाणथळीनं वेढलेली, आम्लधर्मी पाण्याची शांत तळी या कामाला फार सोयीची असतात. नव्यानं भरलेलं धरणही तसंच. पाण्याखाली गेलेली झाडं-माती कुजू लागते आणि पुढची कित्येक वर्षं तिथल्या माशांत पारा वाढलेला राहतो. अशा जागी निसर्गरम्यता पुरावा म्हणून कामाची नाही.

त्या पाण्यावर वर्षानुवर्षं जाळं टाकणाऱ्या जुन्या माणसाशी मात्र जरूर बोला. कुठल्या नाल्याला रात्री वेगळा रंग येतो, कुठं मासे उताणे तरंगले होते, हे नकाशात नसतं.

२. कुणी आधीच मोजलंय का ते बघा

सरकारी सूचना दोन प्रकारच्या असतात आणि त्यांची गल्लत फार होते.

पहिली लांब पल्ल्याची. अमुक नदीतला अमुक मासा, इतक्या लांबीपर्यंतचा, महिन्यातून इतक्याच वेळा खा, अशी. ती पारा, पीसीबी यांसारख्या वर्षानुवर्षं साचणाऱ्या गोष्टींसाठी असते. दुसरी तातडीची, म्हणजे आजपासून या किनाऱ्यावरचे शिंपले-कालवं काढायला बंदी. ती शैवालाच्या विषासाठी किंवा सांडपाण्यासाठी असते आणि आठवड्यात बदलू शकते. पहिलीत काही सापडलं नाही म्हणून दुसरी न बघता टोपली उचलणारे खूप.

सूचनापत्र हाती आलं की त्यावरची तारीख बघा. मग मत्स्य खात्याला किंवा आरोग्य खात्याला फोन करून विचारा: या पाण्यात शेवटचे नमुने कधी घेतले? कुठल्या जातींचे? कशाकशासाठी तपासले? नमुना नुसत्या मांसाचा होता की कातडीसकट? शेवटच्या प्रश्नावर समोरचा थोडा अडखळतो, पण विचाराच. पीसीबीचा आकडा कातडी काढलेल्या तुकडीचा असेल आणि तुम्ही कातडीसकट खाणार असाल, तर तो आकडा तुमच्या कामाचा नाही.

आणि सूचना नसणं म्हणजे धोका नसणं नव्हे. बहुतेक पाण्यांबद्दल सूचना नसते त्याचं कारण तिथं कुणी नमुनाच घेतलेला नसतो.

३. विष कुठं बसलंय ते ओळखा

हा भाग सावकाश वाचा, बाकी सगळं यावर उभं आहे.

*मांसात बसणारं.* मिथिल पारा प्रथिनांना चिकटतो. म्हणजे ज्या पांढऱ्या मांसासाठी आपण मासा खातो, तिथंच तो असतो. कातडी सोला, चरबी काढा, रात्रभर लिंबात मुरवा, तळा, तो हलत नाही. उलट शिजताना पाणी कमी होतं म्हणून शिजलेल्या तुकड्यात दर ग्रॅममागं थोडा जास्तच भरतो. पीफासही प्रथिनांकडे ओढली जातात. रक्तात आणि यकृतात ती जास्त, पण मांसातही असतात, आणि चरबी काढून तीही जात नाहीत. या दोन्हींवर उपाय एकच: जात, आकार आणि किती वेळा खायचं ते ठरवणं.

*चरबीत बसणारं.* पीसीबी, डायऑक्सिन, डीडीटीसारखी जुनी कीटकनाशकं. ही कातडीखाली, पाठीच्या कण्याजवळ वरच्या बाजूला, पोटाच्या पातळ पट्टीत, बाजूनं जाणाऱ्या काळपट मांसाच्या रेषेत, यकृतात आणि गाभोळीत साठतात. इथं सुरी उपयोगी पडते. सगळं जात नाही, पण चरबीचे भाग नीट काढले तर प्रमाण निम्म्यापर्यंत खाली येऊ शकतं.

*आतड्यात आणि यकृतात बसणारं.* कॅडमियम हा जड धातू हे ठळक उदाहरण. खेकड्याच्या कवचाखालचा पिवळट-हिरवट मऊ गर हे त्याचं पचन आणि यकृताचं काम करणारं इंद्रिय. कॅडमियम, पीसीबी, शैवालाचं विष, जे काही असेल ते तिथं गोळा होतं. नारिंगी लाखेशी, म्हणजे खेकडीच्या अंड्यांशी, त्याची गल्लत करू नका. कॅडमियम माणसाच्या मूत्रपिंडात जाऊन बसलं की अर्धं बाहेर पडायला दहा ते तीस वर्षं लागतात, म्हणून ‘कधीतरी चालतं’ हा हिशोब इथं जपून करावा.

*जिवंत असलेलं.* जिवाणू, विषाणू, जंत. हे उष्णतेनं मरतात. दूषकांच्या साऱ्या कुटुंबात चुलीला घाबरणारं एवढंच.

*पकडल्यानंतर तयार होणारं.* बांगडा, टूना, तारली यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा उन्हात राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात, आणि त्यानं ऍलर्जीसारखा त्रास होतो. ते एकदा झालं की तळूनही जात नाही, गोठवूनही नाही. यात पाण्याचा दोष नसतो. मासा हातात आल्या आल्या बर्फात गेला पाहिजे आणि चार अंशांच्या खाली राहिला पाहिजे. बर्फ पेटीच्या तळाशी आणि मासे वर, असं नको. माशांच्या वर-खाली आणि पोटातही बर्फ हवा.

आर्सेनिकबद्दल एक वेगळी गोष्ट, कारण त्यावरून लोक फार घाबरतात. समुद्री माशात आर्सेनिकचा एकूण आकडा मोठा येतो, पण त्यातलं बहुतेक आर्सेनोबेटाइन या रूपात असतं आणि ते शरीर जसंच्या तसं बाहेर टाकतं. विषारी असतं ते असेंद्रिय आर्सेनिक. तपासणीत नुसतं ‘आर्सेनिक’ लिहिलं असेल तर ‘त्यातलं असेंद्रिय किती?’ हे विचारल्याशिवाय मासे फेकू नका.

४. जात आणि आकार निवडा

लहान मासा किड्यांना खातो, मोठा लहानाला, त्याहून मोठा त्या मोठ्याला. प्रत्येक पायरीला पारा वाढत जातो. त्यामुळे मुशी, तलवारमासा, मोठे टूना हे पाऱ्याच्या यादीत वर आणि तारली, मांदेली, कोळंबी, शिंपले खाली. गोड्या पाण्यातही इतर मासे खाणारे शिकारी मासे वर असतात.

एकाच जातीत वयाचा फरक पडतो. जास्त वर्षं जगला म्हणजे जास्त वर्षं पारा खाल्ला. म्हणून फोटोसाठी मोठा आणि ताटासाठी मध्यम, असं मी ठरवून टाकलंय. नियमात जी किमान लांबी असेल तिच्या थोडासाच वर असलेला मासा खायला उत्तम. मोठा परत सोडा, तसाही अंडी घालायला तोच जास्त कामाचा.

पीसीबीचा संशय असलेल्या पाण्यात हिशोब बदलतो. तिथं तळाशी चरणारे आणि चरबीदार मासे, म्हणजे शिंगाळ्यासारखे किंवा कार्प, वाम, हे टाळायचे. ते सगळेच मोठे शिकारी नसतात, पण विष असलेल्या गाळातच त्यांचं जेवण असतं.

काही मासे कुठल्याही पाण्यात नकोत. केंड मासा त्यातला पहिला. त्याच्या यकृतातलं आणि अंडाशयातलं टेट्रोडोटॉक्सिन माणूस मारतं आणि त्यावर उतारा नाही. प्रवाळखडकांवरचे मोठे शिकारी, म्हणजे बाराकुडा, मोठे हेकरू, मोठी तांबोशी, यांच्यात सिग्वाटेराचं विष असू शकतं. खडकावरच्या सूक्ष्म शैवालापासून ते वर चढत येतं. त्याला चव नाही, वास नाही, आणि ते शिजवून जात नाही.

शिशाचं म्हणाल तर बऱ्याच गळवाल्यांना ते माशातून नाही, गळाच्या वजनातून मिळतं. छोटा छर्रा दोरीवर बसवताना दातानं दाबायची सवय असेल तर आजच सोडा. पक्कड वापरा आणि खाण्याआधी हात धुवा.

५. शिंपले, तिसऱ्या, कालवं, शिनाने: यांचा अभ्यास वेगळा

माशाबद्दल जे शिकलात ते इथं अर्धंच लागू पडतं. शिंपला म्हणजे जिवंत गाळणी. मोठं कालव अनुकूल पाण्यात दिवसाला शंभराहून जास्त लिटर पाणी गाळू शकतं, आणि पाण्यात जे तरंगतं ते त्याच्या पोटात राहतं. वर आपण ते आतड्यासकट अख्खं खातो. याच गुणामुळे अमेरिकेत १९८६ पासून शिनाने आणि कालवं किनाऱ्यावरचं प्रदूषण मोजायला वापरली जातात.

धोके दोन, आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

*सांडपाणी.* १९८८ साली शांघायमध्ये सांडपाण्यानं दूषित झालेले शिंपले कच्चे-अर्धकच्चे खाल्ल्यामुळे सुमारे तीन लाख लोकांना हिपॅटायटिस ए, म्हणजे विषाणूची कावीळ, झाला. मोठ्या पावसानंतर गटारं भरून वाहतात, म्हणून जोरदार पाऊस झाल्यावर क्षेत्र पुन्हा खुलं झाल्याचं जाहीर होईपर्यंत शिंपल्यांकडे वळू नका. युरोपात शिंपल्यांची क्षेत्रं मांसातल्या ई कोलाय जिवाणूंवरून ठरतात. शंभर ग्रॅममागं २३० पर्यंत असतील तर ‘अ’ वर्ग, म्हणजे थेट खाता येतात. त्याहून जास्त असतील तर आधी शुद्धीकरण.

शुद्धीकरण म्हणजे जिवंत शिंपले स्वच्छ, फिरत्या समुद्रपाण्यात ठेवणं. त्यानं जिवाणू बऱ्यापैकी निघतात, विषाणू मात्र चिवट असतात. धातू आणि शैवालाचं विष तर एक-दोन दिवसांत जातच नाही. घरी मिठाच्या पाण्यात तिसऱ्या ठेवतो ती वाळू सुटण्यासाठी. तिला शुद्धीकरण समजू नका.

*शैवालाचं विष.* काही सूक्ष्म शैवालं मज्जातंतूंवर हल्ला करणारी विषं तयार करतात. अलेक्झांड्रियम या शैवालाचं सॅक्सिटॉक्सिन ओठ-बोटं बधिर करतं आणि प्रमाण जास्त असेल तर श्वासाचे स्नायू थांबवतं. त्याची ठरलेली मर्यादा किलोमागं ०.८ मिलिग्रॅम, यावरून जोर लक्षात येईल. १९८७ साली कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड आयलंडमधले शिनाने खाऊन शंभराहून जास्त लोक आजारी पडले, काही दगावले आणि काहींची स्मरणशक्ती कायमची गेली. तपासात डोमोइक आम्ल सापडलं, ते स्यूडो-निट्शिया नावाच्या शैवालाचं. तोवर शिंपल्यांच्या विषबाधेत या आम्लाचं नावही कुणी घेतलं नव्हतं.

ही विषं उकळून जात नाहीत. शिंपला जिवंत, टवटवीत, चवीला गोड असतो. त्याला स्वतःला काही होत नाही.

इथले सापळे मोजून सांगतो, कारण सगळ्यात जास्त बळी यांचेच:

‘पाणी लाल नाही, मग ठीक आहे.’ पाण्याला रंग येण्याच्या कितीतरी आधी शिंपल्यात विष मर्यादेबाहेर जाऊ शकतं. आणि लाल दिसणारं प्रत्येक पाणी विषारीही नसतं.

‘चांदीचा चमचा टाकून बघितला, काळा पडला नाही.’ चांदी गंधकानं काळी पडते. या विषांशी तिचं देणंघेणं नाही.

‘मांजराला दिलं, काही झालं नाही.’ सगळ्या शिंपल्यांत विष सारखं नसतं. दहा पावलांवरच्या दोन खडकांतही फरक असतो.

‘गेल्या महिन्यात बंदी होती, आता शैवालाचा बहर ओसरला.’ शिनाने काही आठवड्यांत विष टाकतात. पण उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची बटर क्लॅम ही जात ते दोन वर्षांपर्यंत धरून ठेवू शकते. म्हणून बंदी उठल्याची सूचना जातवार वाचा.

खेकडे शिंपले खातात, तेव्हा हे विष खेकड्यातही येतं. २०१५ साली कॅलिफोर्नियात डोमोइक आम्लामुळे खेकड्यांचा हंगामच पुढं ढकलावा लागला होता.

एक इशारा कच्ची कालवं आवडणाऱ्यांसाठी. कोमट, मचूळ पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जिवाणू नैसर्गिकरीत्याच असतो, सांडपाणी असो वा नसो. यकृताचा आजार, मधुमेह किंवा कमी प्रतिकारशक्ती असलेल्यांना तो रक्तात पोचला तर जिवावर बेततं. त्यानं गंभीर आजारी पडलेल्या दर पाचांपैकी सुमारे एक जण दगावतो. पायाला जखम असेल तर अशा पाण्यात उतरूही नका.

६. साफ करा, शिजवा

मासा: पोट आणि आतडी लगेच काढा, यकृत फेका. चरबीतल्या विषाचा संशय असेल तर कातडी सोला, पोटाची पट्टी आणि बाजूची काळी रेष कापून काढा. मग जाळीवर भाजा किंवा वाफवा, म्हणजे चरबी गळून खाली पडेल. खाली पडलेल्या त्या तेलाचा रस्सा करायचा नाही. तोच मासा तेलात तळला किंवा डोक्यासकट रश्शात शिजवला, तर काढायचं होतं ते ताटातच राहिलं.

खेकडा: शिजवण्याआधी कवच उघडून हिरवट गर आणि कल्ले काढा, मग शिजवा. अख्खा उकडलात तर गरातलं पाण्यात उतरतं. ते पाणी ओता.

शिंपले: शिजवण्याआधीच उघडे असलेले आणि टिचकी मारल्यावर न मिटणारे फेका. शिंपला उघडला म्हणजे शिजला, असं समजून पातेलं उतरवतात, तिथं चुकतं. आतलं मांस ९० अंशांपर्यंत तापून किमान ९० सेकंद तसंच राहायला हवं, तरच हिपॅटायटिसचे आणि उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोचे विषाणू निकामी होतात. व्यवहारात, उघडल्यानंतर उकळत्या पाण्यात आणखी तीन ते पाच मिनिटं. थर्मामीटर इथं कामी येतो. शंका असेल तर सगळ्यात मोठ्या शिंपल्याच्या मध्यात टोचा. आकसून थोडे चिवट होतील, होऊ द्या.

७. किती खायचं त्याचा हिशोब

पाऱ्यासाठी हा हिशोब घरी करता येतो. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं मिथिल पाऱ्याची आठवड्याची मर्यादा शरीराच्या दर किलोमागं १.६ मायक्रोग्रॅम धरली आहे.

साठ किलोंच्या माणसाला आठवड्याला ९६ मायक्रोग्रॅम. माशात किलोमागं ०.५ मिलिग्रॅम पारा असेल, तर ग्रॅममागं अर्धा मायक्रोग्रॅम. ९६ भागिले ०.५ म्हणजे १९२ ग्रॅम. जेमतेम एक-दीड तुकडी, अख्ख्या आठवड्यात. तोच आकडा ०.०५ असेल तर जवळजवळ दोन किलो. पंधरा किलोंच्या मुलाला पहिल्या माशाचे अवघे ४८ ग्रॅम. वजन कच्च्या माशाचं धरायचं.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची मर्यादा याहून कडक आहे, दिवसाला किलोमागं ०.१ मायक्रोग्रॅम. तिनं हिशोब केला तर १९२ ग्रॅमचे ८४ होतात. घरात गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई किंवा लहान मूल असेल तर मी हाच कडक आकडा धरीन, कारण मिथिल पारा गर्भाशयातली वार ओलांडून बाळाच्या वाढत्या मेंदूपर्यंत जातो. जपानमधल्या मिनामाता इथं १९५६ साली हा आजार अधिकृतपणे नोंदला गेला, तेव्हा स्वतःला फारसा त्रास नसलेल्या आयांच्या पोटी मेंदूची हानी झालेली मुलं जन्मली होती.

याचा अर्थ मासे बंद करा असा नाही. बाळाच्या मेंदूला जी ओमेगा-३ स्निग्धाम्लं लागतात तीही माशातूनच येतात. जात बदला. आणि आजवर जास्त खाल्लं गेलं असेल तर शरीरातला मिथिल पारा साधारण पन्नास दिवसांत निम्मा होतो. गरोदरपणाचा विचार असेल तर काही महिने आधीपासून काळजी घेतलेली बरी.

८. प्रयोगशाळेत द्यायचं असेल तर

त्याच पाण्यातला मासा घरात वर्षभर नेमानं शिजत असेल तरच यात पडा. सणासुदीच्या एका माशासाठी नको.

आयएसओ १७०२५ हे तपासणी प्रयोगशाळांसाठीचं मानांकन असलेली प्रयोगशाळा निवडा, आणि ते मानांकन माशातल्या नेमक्या त्या तपासणीसाठी आहे ना हे विचारा. पाण्याच्या तपासणीचं मानांकन दाखवणाऱ्या प्रयोगशाळाही भेटतात. पिशवी कुठली वापरायची हे त्यांनाच विचारा. पीसीबीसाठी प्लास्टिक चालत नाही, बहुधा फॉइल सांगतात. पीफाससाठी नेमकं उलटं असू शकतं, न चिकटणाऱ्या लेपाची कुठलीही वस्तू जवळ नको असते.

एकच मासा देऊ नका. एकाच जातीचे, एकाच जागचे पाच-सहा घ्या आणि सगळ्यात लहान मासा सगळ्यात मोठ्याच्या तीन चतुर्थांश लांबीहून कमी नको. जो भाग खाता तोच तपासायला द्या.

अहवाल आला की आकड्याआधी एकक वाचा. मिलिग्रॅम प्रति किलो आणि पीपीएम एकच. मायक्रोग्रॅम प्रति किलो असेल तर हजारानं भागा. नंतर बघा, वजन ओलं की सुकं. माशात साधारण ऐंशी टक्के पाणी असतं. सुक्या वजनावर ०.५ आलेला आकडा ओल्या वजनावर ०.१ होतो, आणि मर्यादा बहुतेक ओल्या वजनावर असतात. या एका शब्दावरून लोकांनी चांगले मासे सोडलेले मला माहीत आहेत. ‘आढळलं नाही’ असं लिहिलं असेल तर यंत्राला किमान किती दिसतं ते विचारा. दिसण्याची हद्दच मर्यादेच्या वर असेल तर त्या वाक्याला काही किंमत नाही.

९. खाल्ल्यावर काही वाटलं तर

शिंपले खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन-एक तासांत ओठ, जीभ, बोटांना मुंग्या आल्या तर थांबून बघू नका, दवाखान्यात जा आणि ‘शिंपले खाल्लेत’ हे पहिलं वाक्य सांगा. यावर उतारा नाही, पण श्वास थांबला तर यंत्रावर ठेवून माणूस वाचतो.

बांगडा किंवा टूना खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लालबुंद, डोकं ठणकणं, अंगावर पित्त उठणं हे बहुधा हिस्टामाइन. ऍलर्जीसारखं दिसतं, ऍलर्जीच्याच औषधानं उतरतं. औषध डॉक्टरला विचारूनच घ्या, श्वास लागला तर तडक निघा. खडकावरचा मासा खाल्ल्यावर पोट बिघडून नंतर थंड वस्तू पोळल्यासारखी लागायला लागली, तर सिग्वाटेराचा संशय डॉक्टरला स्वतःहून सांगा. जिथं हा आजार नेहमीचा नाही तिथं तो पटकन सुचत नाही.

उरलेली मासळी, शिजलेली आणि कच्ची दोन्ही, पिशवीत घालून वर तारीख-जागा लिहून फ्रीजरमध्ये ठेवा. फेकून दिलीत तर तपासायला काही उरत नाही. आरोग्य खात्याला त्याच दिवशी कळवा आणि वहीतली जागा, जात आणि भरतीची वेळ सांगा. किनारा बंद करायचा की नाही हे ते त्यावरूनच ठरवतात.